मुलांच्या अंगणात, स्वतःच्या दाराआड

अमेरिकेतील एखाद्या उपनगरात उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी फेरफटका मारला, तर एक दृश्य अनेकदा नजरेस पडते. रस्त्यापासून घराच्या गॅरेजपर्यंत जाणाऱ्या फरसबंद वाटेला तिथे ‘ड्राइव्हवे’ म्हणतात. त्या वाटेवर एक भलीमोठी बसवजा गाडी उभी असते. तिच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात, घराच्या भिंतीतून निघालेली जाड केबल तिच्या कुशीत शिरलेली असते आणि बागेच्या नळाची नळी तिला जोडलेली असते. दारापुढे पायपुसणे, त्याच्या बाजूला घडीच्या दोन खुर्च्या. थोड्या वेळाने घरातून एक लहान मूल धावत येते आणि गाडीचे दार ठोठावते. दार आजी उघडते.

ही आजी त्या घरी पाहुणी म्हणून आलेली आहे. पण ती झोपते, चहा करते आणि आजोबांशी वाद घालते ते स्वतःच्या घरात. ते घर तिने सोबत आणलेले आहे. निवृत्तीनंतर राहते घर विकून किंवा भाड्याने देऊन मोटारहोममध्ये राहायचे आणि वर्षातले काही महिने मुलाच्या किंवा मुलीच्या अंगणात मुक्काम टाकायचा, ही तिथल्या अनेक ज्येष्ठांनी पत्करलेली रीत आहे. तिच्यात स्वातंत्र्य किती आणि तडजोड किती, तिचे यंत्र चालते कसे आणि अडते कुठे, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या घरांतलाही आहे: म्हातारपणी मुलांच्या किती जवळ राहावे?

चाकांवरच्या घराची पूर्वपीठिका

अमेरिकेत मोटारीसोबत बिऱ्हाड घेऊन फिरण्याची हौस जुनी आहे. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ या नावाची प्रवाशांची संघटना स्थापन झाली. एअरस्ट्रीम कंपनीचा चंदेरी, गोलसर ‘क्लिपर’ ट्रेलर १९३६ मध्ये आला. १९६२ मध्ये मोंटाना राज्यातील बिलिंग्ज शहरात ‘केओए’ या तळांच्या साखळीचा पहिला तळ सुरू झाला आणि वीज-पाण्याची सोय असलेला मुक्काम ही सर्वसामान्य गोष्ट होऊ लागली. आयोवातील विनेबागो कंपनीने १९६६ मध्ये कारखान्यात सलग उत्पादन करून मोटारहोम विकायला सुरुवात केली आणि हे वाहन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले.

आज या साऱ्या वाहनांना मिळून ‘आरव्ही’ म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल म्हणतात. त्यात दोन मोठे गट आहेत. एक, स्वतःचे इंजिन असलेली मोटारहोम. त्यांतील ‘ए’ वर्गाची गाडी बसच्या आकाराची असते आणि तिची लांबी ४५ फुटांपर्यंत जाऊ शकते. ‘बी’ वर्ग म्हणजे मालवाहू व्हॅनच्या आत बसवलेले घर. ‘सी’ वर्गात चालकाच्या डोक्यावर झोपायचा माळा पुढे आलेला असतो. दुसरा गट ट्रेलरचा. त्यांना इंजिन नसते, ट्रक किंवा मोठी मोटार त्यांना ओढून नेते. रस्त्यावर धावताना यातील कोणत्याही वाहनाची रुंदी सहसा साडेआठ फुटांहून अधिक नसते. मुक्कामी पोहोचल्यावर मात्र अनेक गाड्यांच्या भिंतींचा काही भाग खणासारखा बाहेर सरकतो आणि खोली रुंद होते. तीस फुटी गाडी हिशेबात धरली, तर साधारण अडीचशे चौरस फुटांत स्वयंपाकघर, शौचालय, न्हाणीघर, बिछाना आणि बसायची जागा असा सारा संसार मावतो.

अंगणातला मुक्काम: वीज, पाणी आणि मैला

मुलाच्या अंगणात फुकट मुक्काम टाकण्याला या मंडळींच्या बोलीत एक मिस्कील शब्द आहे: ‘मूचडॉकिंग’. मूच म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर फुकट खाणे. म्हातारे स्वतःच स्वतःची केलेली ही थट्टा. परंतु फुकट वाटणाऱ्या या मुक्कामाला तांत्रिक शिस्त लागते.

पहिला प्रश्न विजेचा. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा दाब असतो. अमेरिकेत साध्या खटक्याला १२० व्होल्ट मिळतात. तिथला १५ अँपियरचा साधा सॉकेट जास्तीत जास्त १८०० वॅट देऊ शकतो आणि सतत चालणाऱ्या भारासाठी तेवढेही घेऊ नये, असा दंडक आहे. उलट मोटारहोम बांधलेली असते ती ३० अँपियरच्या, म्हणजे ३६०० वॅटच्या, किंवा त्याहून मोठ्या ५० अँपियरच्या जोडणीसाठी. छतावरचा सव्वा टनाच्या आसपासचा एक वातानुकूलक सुमारे दीड हजार वॅट खातो. त्यामुळे घरच्या सॉकेटवर गाडी जोडली की एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला, की घराच्या गॅरेजमधला ब्रेकर खाली पडलाच. पातळ, लांबलचक एक्स्टेन्शन वापरली तर तार तापते आणि आगीचा धोका उभा राहतो. म्हणून दरवर्षी येणाऱ्या आईवडिलांसाठी अनेक मुले घराबाहेर ३० किंवा ५० अँपियरचा स्वतंत्र सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतात. ‘तुम्ही पुन्हा या’ हे शब्दांत न सांगता सांगण्याचा हा एक मार्ग आहे.

पाण्याचे काम त्या मानाने सोपे. बागेच्या नळाला पिण्याच्या पाण्यासाठीची खास नळी लावायची आणि दाब जास्त असेल तर मधे नियंत्रक बसवायचा. कडाक्याच्या थंडीत मात्र ही नळी आणि गाडीच्या पोटातील वाहिन्या गोठून फुटतात. उत्तरेकडच्या राज्यांत राहणाऱ्या मुलांकडचा मुक्काम बहुधा उन्हाळ्यातच का असतो, याचे एक उत्तर इथे आहे.

खरी कसोटी सांडपाण्याची. मोटारहोमला दोन मैलटाक्या असतात. बेसिन आणि न्हाणीचे पाणी ‘करड्या’ टाकीत जाते, शौचालयाचे ‘काळ्या’ टाकीत. अशी एक टाकी साधारण ३० ते ५० गॅलनची, म्हणजे ११० ते १९० लिटरची असते. दोन माणसांनी जपून वापरली तरी आठ-दहा दिवसांत ती रिकामी करावी लागते. अंगणात मैला ओतणे अर्थातच चालत नाही. त्यासाठी एक तर चाकांची छोटी टाकी भरून जवळच्या उपसा केंद्रावर न्यायची, किंवा पंपाने मैला बारीक करून घराच्या मलवाहिनीच्या तपासणी तोंडात सोडायचा. आणि हेही स्थानिक नियमांत बसत असेल तरच. नवख्यांची एक चूक ठरलेली: काळ्या टाकीची झडप कायम उघडी ठेवणे. मग पाणी वाहून जाते, घट्ट मैला तळाशी साचून दगडासारखा होतो आणि सुट्टीचा अर्धा आठवडा त्यातच जातो.

त्यात आणखी एक बारकावा. ड्राइव्हवे उतरता असतो आणि गाडी सपाट उभी राहावी लागते. ती कलली तर झोप लागत नाही, दारे आपोआप उघडतात. आणि गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा शीतकपाट तर कललेल्या स्थितीत चालवल्यास कायमचा बिघडू शकतो. म्हणून मुक्कामी पोहोचताच आजोबांचा पहिला तास पाणसळ हातात घेऊन जातो.

घर की वाहन?

एवढे सारे जमले, तरी शेजारी आणि नगरपालिका उरतात. अमेरिकेतील बहुतेक गावांत जमिनीच्या वापराचे नियम काटेकोर असतात. अनेक ठिकाणी मोटारहोम स्वतःच्या आवारात उभी करून ठेवायला मुभा असते. तीत राहायला मुभा नसते, किंवा पाहुण्यांपुरती काही दिवसांची असते. जिथे घरमालकांची संघटना असते, तिथे गाडी रस्त्यावरून दिसेल अशी उभी करायलाही हरकत घेतली जाऊ शकते. याला अपवादही आहेत. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने घरटंचाईवर उपाय म्हणून २०२१ पासून घराच्या आवारात एका मोटारहोममध्ये किंवा चाकांवरच्या छोट्या घरात राहण्यास परवानगी दिली. पण हा अपवादच. म्हणून मुक्काम लांबणार असेल तर नगरपालिकेचा नियम आधी वाचणे आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आधी सांगणे, ही या वाटेवरची पहिली शहाणपणाची पायरी मानली जाते. बहुतेक तक्रारींची सुरुवात शेजाऱ्याच्या खिडकीतूनच होते.

मोटारहोमचे हे द्वैत कायद्यालाही चकवत आले आहे. तिथल्या प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीने झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेले वाहन हे ‘घर’ ठरू शकते आणि त्यावरील कर्जाच्या व्याजाची वजावट मागता येते. पोलिसांच्या झडतीचा प्रश्न आला, तेव्हा मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ या खटल्यात सार्वजनिक वाहनतळावरील मोटारहोमला वाहनाच्याच नियमात बसवले. घराच्या झडतीला लागणारे वॉरंट तिला लागणार नाही, असा त्याचा अर्थ. मात्र चाके काढून ठोकळ्यांवर चढवलेल्या किंवा वीज-पाण्याला जोडलेल्या, म्हणजे उघडपणे निवासासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीला काय नियम लावावा, याचा निर्णय न्यायालयाने त्या वेळी दिला नाही. केवळ हे मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत, एवढे नोंदवले. मुलाच्या नळाला जोडलेली नळी ही अशी केवळ पाण्याची नळी राहत नाही. गाडीचे घर होते ते कदाचित तिथेच.

पत्ता आणि दवाखाना

घर विकले की पत्ता जातो आणि पत्ता गेला की वाहनपरवाना, मतदान, बँक, विमा सारेच अडते. यावर तोडगा म्हणून फिरते ज्येष्ठ एखाद्या सोयीच्या राज्याचे रहिवासी होतात. टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा ही तीन राज्ये त्यांच्या पसंतीची. तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा तिथे रुळलेल्या आहेत. काहीजण सरळ मुलाचा पत्ता देतात. तो मार्ग सोपा असला, तरी मुलाच्या राज्याचे करही त्याबरोबर अंगाला चिकटू शकतात.

आरोग्याचे गणित याहून नाजूक. वयाच्या ६५ व्या वर्षी मिळणारी ‘मेडिकेअर’ ही सरकारी योजना दोन रूपांत घेता येते. मूळ योजना देशभरातील, ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. खासगी विमा कंपन्यांमार्फत मिळणारा ‘अॅडव्हान्टेज’ हा प्रकार मात्र बहुधा ठरावीक भागातील डॉक्टरांच्या जाळ्यापुरता असतो. बाहेर प्रामुख्याने तातडीचे उपचारच मिळतात. एका मुलीकडून दुसऱ्या मुलाकडे, दोन हजार किलोमीटर अंतरावर जाणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया कोणाच्या अंगणात राहून करायची, हे कधी कधी विम्याचा कागद ठरवतो.

वर्षाचा उरलेला भाग कुठे काढायचा, याचेही रुळलेले वेळापत्रक आहे. थंडी पडू लागली की दक्षिणेकडे सरकणाऱ्या या मंडळींना ‘स्नोबर्ड’, हिमपक्षी म्हणतात. ॲरिझोनातील क्वार्टझाइट या वाळवंटी गावाभोवतीच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात शुल्क भरून दीर्घ मुक्काम करता येतो. हिवाळा तिथे, उन्हाळा मुलांकडे. दोन अपत्ये असतील तर दोघांच्या अंगणांची विभागणी. पक्ष्यांच्या स्थलांतरासारखेच हे चक्र वर्षानुवर्षे फिरते.

अंतर राखून जवळीक

मुलाच्या घरात रिकामी खोली असताना अंगणात का राहायचे, हा प्रश्न आपल्याला पडेल. १९६३ मध्ये ऑस्ट्रियातील समाजशास्त्रज्ञ लिओपोल्ड रोझेनमायर आणि एव्हा कॉकायस यांनी वृद्ध आणि त्यांच्या कुटुंबांविषयी लिहिताना एक संज्ञा रूढ केली. मराठीत तिला ‘अंतर राखून जवळीक’ म्हणता येईल. वृद्धांना मुलांजवळ राहायचे असते, वारंवार भेटायचे असते, पण एका छताखाली राहायचे नसते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय. ही मुलांवरची नाराजी नव्हती. जवळीक टिकावी यासाठी थोडे अंतर हवे, ही जाण होती.

मोटारहोम हे अंतर नेमके मोजून देते: तीस-चाळीस पावले. पहाटे पाचला उठणाऱ्या आजोबांनी रेडिओ लावला तरी सुनेची झोप मोडत नाही. स्वयंपाकघरातील डबे कुणाचे, मीठ किती, टीव्हीचा आवाज किती, या छोट्या कुरबुरींना जागाच उरत नाही. नातवंडांच्या बाजूने पाहिले तर आजीचे घर हे वेगळे घर राहते. तिथले नियम वेगळे, खाऊ वेगळा, रात्री झोपायला जाण्याची मौज वेगळी. आणि आईवडिलांच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दार. ते आतून लावता येते आणि उघडायचे की नाही हे त्यांना ठरवता येते.

ही रचना टिकते ती काही न लिहिलेल्या करारांवर. येण्याची तारीख जशी सांगितली जाते, तशी जाण्याचीही आधीच सांगितलेली बरी. वाढलेल्या वीजबिलाचा विषय मुलाने काढण्याआधी वडिलांनी काढावा. नातवंडे सांभाळण्याचे दिवस ठरवून घ्यावेत, नाहीतर अंगणातली आजी हळूहळू बिनपगारी पाळणाघर होते. दोन्ही दारांवर ठोठावून आत जावे. घराच्या किल्ल्या जवळ असल्या तरीही. यांतले एकही कलम मोठे नाही. पण यांतले एखादे मोडले की चाळीस पावले अचानक चार होतात.

या चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. चाकांवर राहणारा प्रत्येक वृद्ध हौशीने राहत नाही. पत्रकार जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने, आणि त्यावर आधारित व २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटाने, घरभाडे परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहणारे, साठी ओलांडल्यावर हंगामी मजुरी करत फिरणारे वृद्ध जगासमोर आणले. त्यांच्यासाठी मुलाचे अंगण हा शेवटचा आसरा असतो. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. फरक इतकाच की एकीला निघून जाण्याची जागा असते, दुसरीला नसते. शिवाय मोटारहोम ही जमिनीसारखी मालमत्ता नाही. तिची किंमत वर्षागणिक घटते. घर विकून आलेला सारा पैसा तिच्यात घातला, तर परतीची वाट बंद होऊ शकते. जाणकार म्हणूनच परतीसाठीची रक्कम वेगळी ठेवा, असे सांगतात.

चाके थांबतात तेव्हा

आणि एक दिवस चाके थांबतात. डोळ्यांना रात्री दिसेनासे होते, प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात किंवा दोघांतला गाडी चालवणारा आधी जातो. चालवणे बहुधा एकाच्याच हाती राहिलेले असेल, तर मागे राहिलेल्या जोडीदाराचे घर आणि पाय एकाच दिवशी जातात. यासाठी दोघांनीही गाडी चालवायला, मागे घ्यायला, टाक्या रिकाम्या करायला शिकावे, असा आग्रह या वर्तुळात धरला जातो.

थांबण्याचा विचार ज्यांनी संघटितपणे केला, त्यांत ‘एस्केपीज’ या संस्थेचे नाव घ्यावे लागते. जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये ती सुरू केली. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथील तिच्या तळालगत एक केंद्र आहे, जिथे वय किंवा आजार यांमुळे प्रवास थांबलेले सदस्य स्वतःच्या मोटारहोममध्येच राहतात. जेवण, दवाखान्यापर्यंत ने-आण आणि दिवसाची देखभाल त्यांना तिथे मिळते. गाडी हलत नाही, पण बिछाना तोच, खिडकी तीच. बाकीच्यांसाठी प्रश्न पुन्हा मुलांच्या दाराशी येतो. अंगणातून घरात यायचे का? आणि तेव्हा मुलगा हा ‘शेजारी’ न राहता ‘सांभाळणारा’ होतो, हे दोघांनी किती आधी बोलून ठेवले होते?

आपल्या अंगणात

गोव्यातील कितीतरी घरांत आज हिशेब उलटा आहे. मुले अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखातात किंवा पुण्या-बंगळुरात. आईवडील म्हापसा, फोंडा, डिचोलीत. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर गेलेल्या पालकांना एका खेपेला सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहता येते. आमसुले आणि कुळथाचे पीठ बॅगेत भरून ते जातात आणि मुलाच्या घरातील एका खोलीत राहतात. पहिला महिना आनंदात जातो. मग जाणवते, की गाडी चालवता येत नाही, बाजार चालत जाण्याच्या अंतरावर नाही, स्वयंपाकघर सुनेचे आहे आणि दार लावून बसले तर ‘काही झाले का?’ असे विचारले जाते. प्रेम कमी नसते. उंबरठा मात्र नसतो.

त्यांनी तिथे मोटारहोम घ्यावी, असे कुणी सुचवणार नाही. आपल्याकडेही महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळने त्याच वर्षी ‘केराव्हॅन’ योजना मांडली, पण दोन्हींचा रोख पर्यटनावर आहे, निवासावर नाही. घेण्याजोगी आहे ती त्यामागची समज. मोठा भाऊ पुढच्या सोप्यात, धाकटा मागच्या पडवीत, म्हातारी आई मधल्या खोलीत. चुली दोन, पण विहीर एक आणि तुळस एक, अशी आवारे आपण पाहिलेली आहेत. ‘चूल वेगळी केली’ हे वाक्य आपण भांडणाच्या संदर्भात वापरतो. पण एकाच आवारात दोन चुली पेटत्या राहिल्या म्हणून जी नाती शाबूत राहिली, त्यांची मोजदाद कुणी केली नाही.

मुलाच्या इमारतीत किंवा त्याच गल्लीत भाड्याचे छोटे घर घेणे, जुन्या घराच्या मागच्या अंगाला वेगळे दार आणि छोटा ओटा काढून देणे, परदेशी गेल्यावर निदान एक शेगडी, एक कपाट आणि दिवसाचे दोन तास आपले म्हणून ठरवून घेणे: हे सारे त्याच वाटेवरचे उपाय आहेत. त्यांना पैसा लागतो, त्याहून अधिक एक अवघड संभाषण लागते. ते साठीत केले तर व्यवस्थेविषयी असते. ऐंशीत केले तर बहुधा हतबलतेविषयी असते. येत्या चतुर्थीला मुले घरी आली, की आरती आटोपल्यावर, नातवंडे झोपल्यावर, हा विषय काढायला हरकत नाही.